खैरलांजीची बातमी कोणत्या वाटेने आली?

२ ऑक्टोबर २००६. विजयादशमी. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रेल्वेने, ट्रकने, पायी आलेली ही माणसे होती.

तीनच दिवसांपूर्वी, शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, एका बौद्ध कुटुंबातील चौघांची त्यांच्याच गावात हत्या झाली होती. दीक्षाभूमीवर जमलेल्यांपैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नव्हती.

भंडारा शहर नागपूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. दोन्हींकडे वृत्तपत्रे होती, वार्ताहर होते, दूरध्वनी होते. तरीही मोहाडी तालुक्यातील खैरलांजी हे नाव महाराष्ट्राला नीट कळायला महिना लागला. तो महिना कसा गेला आणि अखेर बातमी कोणत्या वाटेने बाहेर आली, हे पाहिले की दहा वर्षांनी देशात ‘नेट न्यूट्रॅलिटी’वरून जो वाद पेटला त्यात नेमके काय पणाला लागले होते, ते उमगते.

प्रथम घटना. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. खैरलांजीत बौद्ध कुटुंबे दोन-तीनच. त्यांपैकी भोतमांगे कुटुंबाकडे थोडी शेती होती आणि त्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी जुना तंटा होता. ३ सप्टेंबर २००६ रोजी या कुटुंबाच्या नात्यातील, शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी मारणाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच सायंकाळी जमावाने घर गाठले. सुरेखा, प्रियंका आणि सुधीर व रोशन ही दोन्ही मुले मारली गेली. मृतदेह कालव्यात सापडले. कुटुंबप्रमुख भैयालाल तेवढे बचावले.

सुरुवातीच्या काही बातम्यांत या प्रकाराला ‘अनैतिक संबंधातून हत्याकांड’ असे रूप दिले गेले. जिल्हा पानावरची गुन्हेवार्ता म्हणून ती छापली गेली आणि दसऱ्याच्या धामधुमीत विरून गेली. पोलिसांच्या पहिल्या तपासातील त्रुटी, शवविच्छेदनातील हलगर्जी, जातीचा प्रश्न, यांपैकी कशाचाही माग तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांनी काढला नाही. यामागे कुणी कट रचला होता असे म्हणण्याची गरज नाही. जी बातमी ‘मोठी’ नाही असे संपादकीय खोलीला वाटते तिला जागा मिळत नाही, आणि ती खोली कुणाची आहे यावर ‘मोठी’ म्हणजे काय हे ठरते.

ऑक्टोबर महिन्यात काही संघटनांची सत्यशोधन पथके गावात जाऊन आली. त्यांनी अहवाल लिहिले, भैयालाल यांचे म्हणणे नोंदवले, छायाचित्रे मिळवली. पूर्वीच्या काळी अशा अहवालाचे काय झाले असते? शे-दोनशे प्रती सायक्लोस्टाईल करून कार्यकर्त्यांत वाटल्या गेल्या असत्या, एखादी संपादकांकडे गेली असती. २००६ साली मात्र हे अहवाल ई-मेल गटांवर, आंबेडकरी संकेतस्थळांवर, फुकटात उघडता येणाऱ्या ब्लॉगवर गेले. तेथून ते दिल्ली, लंडन, न्यू यॉर्क येथील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले आणि एसएमएसच्या रूपाने विदर्भातील वस्त्यांत परतले. कालव्यातून काढलेल्या मृतदेहांची छायाचित्रे लोकांनी आधी सायबर कॅफेत पाहिली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इंग्रजी वृत्तपत्राने सविस्तर लेख छापला, तोवर ही माहिती महाजालावर फिरू लागली होती.

१ नोव्हेंबरला भंडाऱ्यात लोक रस्त्यावर उतरले. मग नागपूर, अमरावती, यवतमाळ. अमरावतीत पोलीस गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या निदर्शनांमागे नक्षलवाद्यांचा हात असू शकतो, अशी शंका जाहीरपणे व्यक्त केली. कोणताही मोठा पक्ष वा नेता पुढे नसताना इतके लोक एकाच वेळी कसे उठले, याचा उलगडा शासनाला होत नव्हता. ज्या वाटांनी माहिती गेली होती, त्या वाटा शासनाच्या नकाशावर नव्हत्या. नोव्हेंबरमध्येच तपास सीबीआयकडे गेला आणि २७ डिसेंबरला आरोपपत्र दाखल झाले.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण बातमीच्या वाटेवर कुणी उभे राहण्याचा प्रकार महाराष्ट्रात नवा नव्हता.

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. नवे पाक्षिक निघते आहे हे लोकांना कळावे म्हणून ‘केसरी’त जाहिरात देण्याचा प्रयत्न झाला. पैसे देण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने ती छापण्यास नकार दिला. पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये बाबासाहेबांनी ही गोष्ट लिहून ठेवली.

या प्रसंगातील बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘मूकनायक’ काढण्यास कुणी बंदी घातली नव्हती. भाषणस्वातंत्र्य, त्या काळी जेवढे होते तेवढे, आंबेडकरांनाही होते. वाचकापर्यंत जाणारा रस्ता मात्र दुसऱ्याच्या अंगणातून जात होता आणि पथकर भरण्याची तयारी असूनही फाटक उघडले गेले नाही. विदर्भातही किसन फागुजी बनसोडे यांनी ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रे एकामागून एक काढली. ती टिकली नाहीत. वर्गणीदार गरीब होते, जाहिराती मिळत नव्हत्या, वितरण आपले आपण करावे लागे.

१९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झाडाझडती घेणाऱ्या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी हाच मुद्दा आणखी खोलात नेला. देशभर बातम्या वाटणारी मुख्य वृत्तसंस्था कुणाच्या हाती आहे, तिचा कर्मचारीवर्ग कोणत्या समाजातून येतो आणि त्यामुळे अस्पृश्यांची बाजू जगाला का कळत नाही, याचा त्यांनी स्पष्ट उल्लेख केला. एखादे वृत्तपत्र पक्षपाती असेल तर दुसरे काढता येते. सर्व वृत्तपत्रांना बातमी पुरवणारी नळीच पक्षपाती असेल तर काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. भंडारा जिल्ह्याशी त्यांचा स्वतःचा एक दुवा आहे: १९५४ साली ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले.

आता महाजालाची रचना पाहू. या जाळ्यावरून जाणारा कोणताही मजकूर लहान लहान पाकिटांत तुटतो. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतील यंत्रे पत्ता वाचतात आणि पाकीट पुढे ढकलतात. आत बँकेचा व्यवहार आहे, चित्रपटगीत आहे की सत्यशोधन अहवाल, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. जी काही हुशारी असेल ती जाळ्याच्या दोन टोकांना असावी आणि मधला रस्ता साधा असावा, हे तत्त्व साल्ट्झर, रीड आणि क्लार्क या संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडले. गावच्या पोस्टमनची हीच रीत असते. तो पाटलाचे पत्र आधी आणि मजुराचे पत्र पुढच्या आठवड्यात, असे करत नाही. निदान त्याने तसे करू नये अशी अपेक्षा असते.

म्हणून २००६ साली विद्यार्थ्याने फुकटात उघडलेला ब्लॉग आणि कोट्यवधींची उलाढाल असलेले वृत्तपत्र यांची पाने वाचकाच्या संगणकावर सारख्याच वाटेने येत होती. ब्लॉग चालवणाऱ्याला कोणत्याही दूरसंचार कंपनीकडे अर्ज करावा लागला नाही, जाहिरातीसाठी कुणाचा नकार ऐकावा लागला नाही.

या समानतेला ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ हे नाव अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ साली दिले. भारतात मात्र २००६ साली तिला कायद्याचा आधार नव्हता. योगायोग असा, की दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ‘ट्राय’च्या कागदपत्रांत हा विषय आला तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, इंटरनेट सेवांच्या आढाव्यासाठी काढलेल्या चर्चापत्रात. चर्चा झाली आणि कागद फडताळात गेले. खैरलांजीची बातमी ज्या वाटेने बाहेर आली ती वाट तोवर केवळ रूढीने मोकळी होती.

मोकळ्या रस्त्यावरून काय काय जाते याचीही नोंद घ्यायला हवी. त्याच हिवाळ्यात ‘ऑर्कुट’वरील शिवाजी महाराजांच्या बदनामीचा वाद पेटला होता आणि काही ठिकाणी सायबर कॅफेंची मोडतोड झाली होती. पुढच्या वर्षी याच प्रकारच्या एका प्रकरणात पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. सुमारे पन्नास दिवसांनंतर कळले की इंटरनेट कंपनीने संगणकाच्या पत्त्याची माहितीच चुकीची दिली होती. द्वेष आणि अफवा त्याच पाकिटांतून जातात ज्यांतून अहवाल जातात. महाजालाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्यांनी हे मान्य न करता पुढे जाऊ नये.

शासनाने यावर शोधलेला उपाय म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ. २००८च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमात ‘अत्यंत आक्षेपार्ह’, ‘त्रासदायक’ अशा सैल शब्दांवर तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. त्याचा अर्थ काय होऊ शकतो हे नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरने दाखवले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिल्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर सौम्य भाषेत नापसंती व्यक्त केली. दुसरीने तिला ‘लाईक’ केले. दोघींना अटक झाली. याच प्रकरणाने कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल हिला सर्वोच्च न्यायालयात नेले आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

बोलण्यावरची टांगती तलवार दूर झाली, म्हणून जल्लोष झाला. बरोबर तीन दिवसांनी, २७ मार्चला, ‘ट्राय’ने नवे चर्चापत्र प्रसिद्ध केले. इंटरनेटवरून संदेश आणि संभाषण पुरवणाऱ्या सेवांचे नियमन करावे का, त्यांच्यासाठी वेगळे दर असावेत का, असे प्रश्न त्यात होते. आधी, डिसेंबर २०१४ मध्ये, एअरटेलने इंटरनेटवरील संभाषणासाठी वेगळे पैसे आकारण्याचे जाहीर करून टीकेनंतर माघार घेतली होती. एप्रिल २०१५ मध्ये त्याच कंपनीने ‘एअरटेल झिरो’ आणले: ज्या संकेतस्थळांचा मालक कंपनीला पैसे देईल ती ग्राहकाला फुकट, बाकीची नेहमीच्या दराने.

१९२० चा प्रसंग येथे पुन्हा आठवतो, पण एक फरक आहे. ‘केसरी’ने पैसे नाकारून फाटक बंद ठेवले होते. येथे पैसे देणाऱ्याला फाटक उघडे मिळणार होते. ब्लॉग चालवणाऱ्या कार्यकर्त्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच.

विरोधाची लाट आली. मुंबईच्या एका विनोदी कलाकार गटाच्या चित्रफितीने किचकट विषय घराघरांत नेला आणि ‘ट्राय’कडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. एका मोठ्या ऑनलाईन विक्री कंपनीने ‘एअरटेल झिरो’तून अंग काढून घेतले.

खरी झुंज मात्र त्यानंतर झाली. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना भारतात आणली. महाराष्ट्र पहिल्या काही राज्यांत होता. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. निवडक संकेतस्थळे फुकट. ती कोणती, याच्या अटी फेसबुकने ठरवलेल्या. सगळी ये-जा फेसबुकच्या यंत्रांतून. डिसेंबरअखेरीस मार्क झकरबर्ग यांनी भारतीय वृत्तपत्रात लेख लिहून योजनेची बाजू मांडली. त्यात त्यांनी महाराष्ट्रातील गणेश नावाच्या शेतकऱ्याचे उदाहरण दिले होते: तो फुकट सेवेवर पावसाचा अंदाज आणि बाजारभाव पाहतो, त्याने इंटरनेटचे काय नुकसान होते?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तेव्हा डेटा महाग होता आणि धानाच्या पट्ट्यातील मजुराकडे त्यासाठी पैसे नव्हते. अजिबात काही नसण्यापेक्षा थोडे मिळाले तर वाईट काय, असे म्हणणाऱ्यांत गरिबांची खरी कळकळ असलेले लोकही होते. शहरातल्या, जलद जोडणी असलेल्या तरुणांनी खेड्यातील माणसाच्या वतीने नकार द्यावा, यात काहींना उर्मटपणा दिसला आणि तो आरोप अगदीच पोकळ नव्हता.

उत्तर खैरलांजीकडे पाहिले की मिळते. समजा २००६ साली मोहाडी तालुक्यातील प्रत्येक घरी अशी फुकट सेवा असती. हवामान दिसले असते, धानाचा भाव दिसला असता, मोठ्या वृत्तपत्राचे पान दिसले असते, म्हणजे ज्या पानावर बातमी नव्हती ते. ज्या ब्लॉगवर अहवाल होता तो पाहण्यासाठी मात्र पैसे मोजावे लागले असते. गरिबाला माहिती मिळाली असती. गरिबाविषयीची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचली नसती. शिवाय झकरबर्ग यांच्या उदाहरणातील शेतकरी फक्त माहिती घेतो. त्याला काही सांगायचे असेल, आपल्या गावात काय घडले ते जगापुढे ठेवायचे असेल, तर त्याने काय करावे, हा विचार त्या उदाहरणात येत नाही. भैयालाल भोतमांगे यांना बाजारभाव नको होता. त्यांना साक्ष द्यायची होती.

‘फ्री बेसिक्स’च्या समर्थनार्थ फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून एकाच साच्यातील लाखो निवेदने ‘ट्राय’कडे पाठवली. ‘ट्राय’ने विचारलेल्या प्रश्नांना त्यांत उत्तरेच नव्हती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, आर. एस. शर्मा अध्यक्ष असताना, ‘ट्राय’ने डेटा सेवांच्या भेदभावपूर्ण दरांवर बंदी घालणारे विनियम जारी केले. मजकूर कोणता आहे हे पाहून कोणत्याही कंपनीने वेगळा दर लावू नये, हा त्यांचा गाभा. मोडल्यास दररोज ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड. अपवाद आपत्कालीन सेवांचा. दरानंतर वेगाचा प्रश्न होता. त्यासंबंधीच्या शिफारशी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाल्या आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्या स्वीकारल्या. रस्ता अडवणे, मुद्दाम मंद करणे, एखाद्याला पुढे काढणे, तिन्ही निषिद्ध ठरले.

अमेरिकेत याच काळात उलटा प्रवास झाला. तेथील नियामकाने २०१५ साली केलेला नियम डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःच मोडीत काढला, २०२४ साली पुन्हा आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. हे नाव ज्या देशात जन्मले तेथेच त्याला स्थैर्य मिळालेले नाही.

भारतातील नियमाची मर्यादाही लहान नाही. तो तारा आणि लहरी वाहून नेणाऱ्या कंपन्यांना बांधतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि माणसे मोकळ्या रस्त्यावरून थेट चार-पाच मोठ्या ॲपच्या आवारात जाऊन बसली. तेथे कोणती पोस्ट वर दिसेल हे त्या कंपन्यांची गणिते ठरवतात आणि त्यांना ८ फेब्रुवारीचा नियम लागू नाही. शासनाने एखाद्या जिल्ह्याचे इंटरनेटच बंद केले तर तो नियम तेथेही उपयोगाचा नाही.

खटल्याचे पुढे असे झाले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, तिघे सुटले. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ती कायम ठेवली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रकरणात लागू होतो असे न्यायालयांनी मानले नाही. हत्यांचे कारण सूडबुद्धी, असे निकालपत्रे सांगतात. ऑक्टोबर २००६ मध्ये गावात जाऊन आलेल्या पथकांचे अहवाल जातीविषयी बोलतात.

भैयालाल भोतमांगे यांचे २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात निधन झाले. सर्वोच्च न्यायालयातील अपील तेव्हा प्रलंबित होते.